साबणाचा फेस, नाल्यातील मासे आणि आपले औषधालय

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, शत्रूने विषाने दूषित केलेल्या पाण्याची लक्षणे सांगितली आहेत. अगदतंत्राच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनी ती एकेकाळी पाठ केलेली असतात. पाणी बुळबुळीत होते, त्यास उग्र वास येतो, वर फेस धरतो, रेषा उमटतात; बेडूक व मासे मरतात; पाण्याकाठचे पक्षी भ्रमिष्टासारखे भटकू लागतात. त्या पाण्यात उतरलेल्या माणसांना, घोड्यांना व हत्तींना होणाऱ्या वांती, मोह, ज्वर, दाह, शोथ इत्यादी विकारांचा उल्लेख त्यानंतर येतो. हा क्रम निर्हेतुक वाटत नाही. माणूस पाण्यात घटकाभर उतरतो. मासा अहोरात्र त्यातच असतो, आणि त्याचे कल्ले म्हणजे पाण्याला थेट भिडलेले रक्तच होय. पाण्यातील विष सर्वप्रथम त्यालाच कळणार.

परंतु जे विष माशाला मारीत नाही, केवळ मंद करते, त्याचे काय? पाण्याला वास नाही, रंग नाही, काठावर मेलेली मासोळी नाही, आणि तरीही पाणी निर्दोष नाही, अशी स्थिती असू शकते. जंतुनाशक साबण, दंतमंजनाच्या नळ्या व हात धुण्याची द्रवे यांतून वाहून जाणाऱ्या रसायनांविषयी लिहिताना हा प्रश्न प्रथम मांडला, कारण तो प्रस्तुत लेखकाला ग्रंथालयात सुचलेला नाही. तो सूरजागडच्या पायथ्याशी एका वृद्ध माडिया गृहस्थाने विचारला, आणि त्या वेळी माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

सूरजागडचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर लोहखनिजामुळे वृत्तपत्रांतून सतत गाजत असतो. माडिया गोंडांच्या लेखी तो ठाकुरदेवाचा डोंगर. दर वर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते. खाणीचा विषय मोठा आहे आणि तो प्रस्तुत लेखाचा नाही. एवढेच नमूद करतो की २०२१ नंतर खाणकामाने वेग घेतल्यापासून या बाजूला वाहनांची वर्दळ वाढली, रस्त्याकडेला दुकाने वाढली, आणि पूर्वी आठवडी बाजारातही क्वचित दिसणारी रंगीत वेष्टनांतील साबणे व पेस्ट आता आडगावातील टपरीवर टांगलेली असतात. या भागातील पाणी लहान लहान नाल्यांतून बांडिया नदीला, तेथून इंद्रावतीला आणि शेवटी गोदावरीला मिळते. मलजल शुद्ध करणारी कोणतीही यंत्रणा मध्ये नाही. आंघोळ नाल्यावर, कपडे नाल्यावर, आणि मासेही त्याच नाल्यातले.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात तेथील एका पाड्यावर आम्ही काही वैद्यांनी त्वचारोग शिबिर घेतले. खरूज आणि गजकर्ण यांचे रुग्ण पुष्कळ होते. एका कंपनीने शिबिरासाठी जंतुनाशक साबणाच्या तीनशे वड्या विनामूल्य दिल्या होत्या. वेष्टनावर कडुनिंबाचे पान छापले होते आणि 'आयुर्वेदिक' हा शब्द ठसठशीत होता. आम्ही त्यांतल्या निम्म्याहून अधिक वड्या वाटल्या. कशा वापराव्यात तेही दाखविले. मुलांना नाल्याच्या डोहात बसवून आयांनी तेथेच अंग घासले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला.

चार आठवड्यांनी पुनर्तपासणीसाठी गेलो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ दवाखान्याच्या मांडवात येऊन बसले. त्यांचा नातू आश्रमशाळेत शिकलेला. तो माडियातून मराठीत सांगत होता. आजोबांना विचारायचे होते, की डॉक्टरांचा साबण कोणत्या झाडाचा आहे. मी म्हणालो, कडुनिंबाचा. त्यावर ते म्हणाले, कडुनिंबाचा असेल तर वास का येत नाही? आणि डोहातल्या बारीक मासोळ्या सकाळी वर येऊन तोंड उघडतात, पोरे त्यांना हाताने धरतात. झाडाचे फळ कुटून टाकल्यावर धरतात तशा. म्हणून विचारले.

येथे वैद्याने सावध असले पाहिजे. वैशाख-ज्येष्ठात आटलेल्या डोहात पहाटे प्राणवायू कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन हापापतात, हे मत्स्यशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही आहे. त्या मासोळ्यांची ग्लानी साबणाने आली असे मी म्हणणार नाही. परंतु घरी येऊन उरलेल्या वडीचे वेष्टन भिंगाखाली धरले, तेव्हा कडुनिंबाच्या अर्काच्या बऱ्याच खाली, अगदी बारीक इंग्रजी टायपात 'ट्रायक्लोसान' हा शब्द सापडला. मी दीडशेहून अधिक कुटुंबांना हे वेष्टन न वाचता दिले होते.

जंगलातील मत्स्यविषे

आजोबांच्या प्रश्नामागे जे ज्ञान होते ते आधी पाहू, कारण त्याचा आपल्या द्रव्यगुणाशी निकटचा संबंध आहे.

मध्य भारतातील वनवासी समाजांत मासे धुंद करून पकडण्याची रीत पुरातन आहे, आणि त्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये वाचली की आपण निघंटू उघडून बसलो आहोत असे वाटते. गेळफळ, म्हणजे आपले मदनफळ, कुटून साचलेल्या पाण्यात टाकतात. कुंभ्याची साल वापरतात. रिठ्याचा फेस आहेच. करंजाच्या बिया व मूळ आहे. प्लीहाविकारात आपण ज्या शरपुंखेला मानतो तिच्या कुळातील अनेक वनस्पतींत रोटेनोन गटातील माशांना घातक द्रव्ये असतात. आणि सर्वांत सुलभ म्हणजे मोहाची ढेप, बियांतील तेल काढल्यावर उरलेली.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाचा आरंभ मदनकल्पाने केला, त्यात एकट्या मदनफळाचे १३३ योग दिले, आणि वामक द्रव्यांत हे सर्वांत निरपाय म्हणून त्यास अग्रस्थान दिले. माणसासाठी जे निरपाय ते माशासाठी प्राणघातक! यात विसंगती काही नाही. यांतील बहुतेक द्रव्यांचे कार्य सॅपोनिन, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकांमुळे होते. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक आवरणास इजा करते, रक्तात शिरून रक्तकण फोडते, आणि मासा गुदमरतो. माणसाच्या आतड्यातून मात्र त्याचे शोषण फारच अल्प होते. म्हणूनच अशा रीतीने पकडलेले मासे शिजवून खाता येतात. सगळीच मत्स्यविषे अशी सौम्य नाहीत. गराडीसारख्या वृक्षाची पाने माणसाच्याही जिवावर बेततात.

मोहाच्या ढेपेचा उपयोग आधुनिक मत्स्यशेतीनेही उचलला आहे. तळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे नष्ट करण्यासाठी लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम या प्रमाणात ही ढेप टाकतात. तिच्यात साधारण ४ ते ६ टक्के सॅपोनिन असते. दोन-तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव ओसरतो आणि तीच ढेप कुजून तळ्याला खत होते. वनस्पतिजन्य मत्स्यविषाचे हे मुख्य वैशिष्ट्य होय: ते तीव्र आहे, पण टिकत नाही.

याचा अर्थ ही रीत निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. नाल्याला विष घातले की खाण्याजोग्या माशाबरोबर अंडी, पिले, किडे सर्व जातात. पाण्यात विष घालून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच मनाई केली आहे. मी आजोबांना याविषयी विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते, की वाहत्या पाण्यात कोणी टाकीत नाही आणि पिण्याच्या झऱ्याच्या वर तर नाहीच. सगळे हा नियम पाळतात की नाही ते मी पाहिलेले नाही. पण नियम आहे, आणि तो कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक आहे. साबणाच्या वडीबरोबर मी असा कोणताच नियम दिला नव्हता.

ट्रायक्लोसानचे स्वरूप

ट्रायक्लोसान हे क्लोरीनयुक्त फिनॉल गटातील द्रव्य. स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी या कंपनीने ते १९६० च्या दशकात विकसित केले आणि १९७२ च्या सुमारास शल्यकर्मापूर्वी हात धुण्याच्या द्रव्यांतून ते रुग्णालयांत आले. पुढे ते साबण, दंतलेप, घामाची दुर्गंधी घालविणारी लेपने, इतकेच नव्हे तर कपडे व स्वयंपाकघरातील फळ्या यांतही शिरले. त्याचे भावंड ट्रायक्लोकार्बन मुख्यतः साबणाच्या वड्यांत वापरले गेले. सौंदर्यप्रसाधनांत ट्रायक्लोसानचे सर्वसाधारण प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत असते. युरोपीय संघाने साबण व दंतलेप यांसाठी हीच मर्यादा घालून दिली होती.

त्याचे दोन गुण माशांच्या दृष्टीने अनिष्ट आहेत. पहिला, ते पाण्यापेक्षा स्नेहात कितीतरी अधिक विरघळते. म्हणून ते माशाच्या मेदात जाऊन बसते. दुसरा, पाण्यातील जिवाणू त्याचे मिथाइल ट्रायक्लोसानमध्ये रूपांतर करतात, आणि हे रूप मूळ द्रव्याहूनही अधिक स्निग्धप्रिय व चिवट असते. स्वित्झर्लंडच्या सरोवरांतील माशांच्या शरीरात ते सापडले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये माशांच्या पित्तात, आणि त्याच अभ्यासात मातेच्या दुधात, ट्रायक्लोसान आढळल्याचे प्रसिद्ध केले.

मारक मात्रेविषयी अनेक प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील फॅटहेड मिन्नो या लहान माशांपैकी निम्मे मासे ९६ तासांत मरण्यास लिटरला सुमारे २६० मायक्रोग्रॅम ट्रायक्लोसान पुरेसे होते. ब्लूगिल या माशासाठी हा आकडा ३७० च्या आसपास आहे. शेवाळाची काही कुळे मात्र लिटरला एक-दीड मायक्रोग्रॅमलाच खुंटतात. हा आकडा माशांच्या आकड्याहून अधिक विचार करायला लावणारा आहे, कारण मासोळ्यांच्या पिलांचे अन्न शेवाळापासूनच सुरू होते. आपल्याकडे मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतही ट्रायक्लोसानच्या माशांवरील परिणामांचा अभ्यास झाला आहे.

मरणाच्या कितीतरी अलीकडे जे घडते ते वैद्यास अधिक बोधक वाटेल. सन २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखविले, की ट्रायक्लोसान स्नायूतील आकुंचनाची प्रक्रियाच बिघडविते. स्नायूपेशीला संकेत मिळतो, त्यानंतर पेशीत कॅल्शियम मोकळे होऊन आकुंचन घडते. या दोहोंमधील दुवा शिथिल होतो. उंदरांच्या हृदयाची शक्ती व पंजाची पकड कमी झाली, आणि पाण्यात मिसळलेल्या ट्रायक्लोसानमध्ये ठेवलेल्या मिन्नो माशांचे पोहणे मंदावले. मासा जिवंत आहे, पण बगळा आला तर त्याला निसटता येत नाही. बेडकांच्या बाबतीत त्याहून अल्प मात्रा पुरते: लिटरला ०.१५ मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेतही बैलबेडकाच्या टॅडपोलमध्ये थायरॉइड ग्रंथीशी निगडित कार्ये विचलित झाल्याचे २००६ मध्ये आढळले. सुश्रुताचार्यांनी बेडूक आणि मासे एकत्र घेतले, त्याची येथे आठवण होते.

भारतीय नद्यांतील स्थिती काय? तामिळनाडूतील कावेरी, वेल्लार व ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्याची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ताम्रपर्णीत काही ठिकाणी लिटरला सुमारे ५ मायक्रोग्रॅमपर्यंत ट्रायक्लोसान मिळाले. मासा मारण्यास हे पुरेसे नाही. शेवाळ खुंटण्यास आहे. तेथेही मोठ्या शहरांचे पाणी थेट नदीत जात होते, हे लक्षात घ्यावे.

एका डोहाचा हिशोब

सूरजागडच्या नाल्याकाठी शहर नाही, मग चिंता कशाला, असे मलाही प्रथम वाटले. परंतु नदी मोठी असते आणि उन्हाळ्यातला डोह लहान. कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशोब करून पाहावा.

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असा डोह घेऊ. त्यात २५ हजार लिटर पाणी बसते. शंभर ग्रॅमच्या साबणाच्या वडीत ०.३ टक्के ट्रायक्लोसान असेल तर एका वडीत ३०० मिलिग्रॅम झाले. ही एक वडी त्या डोहात संपली तर लिटरला १२ मायक्रोग्रॅम होतात. म्हणजे ताम्रपर्णीतील त्या उच्च आकड्याच्या दुपटीहून अधिक. मिन्नोची अर्धमारक मात्रा गाठण्यास २२ वड्या लागतील, आणि त्या सर्वांत मिळून ट्रायक्लोसान केवळ साडेसहा ग्रॅम असेल. तोच डोह मोहाच्या ढेपेने विषारी करायचा तर पाच-सहा किलो ढेप टाकावी लागते. एकीकडे डोक्यावरून वाहून आणायची पाटी, दुसरीकडे मुठीत मावणारी पुडी.

हा हिशोब कमाल मर्यादेचा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. प्रत्यक्षात बरेचसे ट्रायक्लोसान गाळाला चिकटते, काही उन्हाने विघटित होते, आणि मिन्नो हा काही आपला मासा नव्हे. पण उन्हाने विघटित होते म्हणजे सुटले असे नाही. सूर्यप्रकाशात त्याचा काही अंश डायॉक्सिन गटातील एका संयुगात बदलतो, असे २००३ च्या सुमारास सिद्ध झाले. आणि गाळात बसलेले गाळ चिवडणाऱ्या शिंगी-मांगूरसारख्या माशांच्या वाट्याला येते.

येथे दूषीविषाची संकल्पना आठवल्याखेरीज राहत नाही. जीर्ण झालेले, औषधाने किंवा वणवा, वारा, ऊन यांनी हतवीर्य झालेले, म्हणून तत्काळ मारीत नाही पण कफाने आवृत होऊन वर्षानुवर्षे देहात राहते, असे विष. स्नेहात बसणारे, उन्हाने रूप बदलणारे, मंद कार्य करणारे हे रसायन त्या वर्णनाच्या किती जवळ जाते! तथापि साम्य दिसले की आचार्यांना ट्रायक्लोसान माहीत होते असे लिहिण्याची आपल्या काही लेखकांची सवय मला मान्य नाही. त्यांना विषाचे वर्तन माहीत होते, तेवढे पुरे आहे. आरंभी उल्लेखिलेल्या तिसऱ्या अध्यायात पाणी शुद्ध करण्यासाठी धव, असन, पाटला, राजद्रुम अशा वृक्षांची राख टाकण्यास सांगितले आहे, आणि धावडा, बिजा, बहावा ही झाडे सूरजागडच्या रानात विपुल आहेत. सक्रिय कोळसा ट्रायक्लोसान शोषून घेतो हे खरे. पण राख म्हणजे सक्रिय कोळसा नव्हे, आणि डोहात आधी साबण व मग राख हा काही आरोग्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही.

मग हात कशाने धुवावेत?

हे सर्व वाचून स्वच्छतेलाच कोणी गौण मानील तर तो अनर्थ होईल. या जिल्ह्यात अतिसार व न्यूमोनिया यांनी बालके दगावतात, हे येथे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचे जे काम उभे केले, आणि १९९९ मध्ये ज्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, त्यानेच बालमृत्यू किती टाळण्याजोगे आहेत ते दाखविले. हात धुतलेच पाहिजेत. प्रश्न आहे तो साबणात जंतुनाशक असावे का, एवढाच.

त्याचे उत्तर २००५ मध्येच मिळालेले आहे, आणि तेही आपल्यासारख्याच परिस्थितीतून. कराचीच्या झोपडवस्त्यांत काही कुटुंबांना साधा साबण, काहींना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बनयुक्त जंतुनाशक साबण देण्यात आला, आणि काहींना तुलनेसाठी साबण दिला गेला नाही. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया सुमारे निम्म्याने कमी झाला; पंधरा वर्षांखालील मुलांचा अतिसारही निम्म्याहून खाली आला. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. जंतू हातावरून निघून जातात ते साबणाच्या स्नेहहारक गुणाने आणि पाण्याच्या धारेने. जंतुनाशक त्यात भर घालीत नाही. नाल्यात मात्र घालते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बन यांसह १९ घटकांवर घरगुती जंतुनाशक साबणांतून बंदी घातली. साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयुक्त व दीर्घकाळ सुरक्षित आहेत हे उत्पादकांना दाखविता आले नाही, हे त्याचे कारण. म्हणजे मी सूरजागडला वड्या वाटल्या तेव्हा या निर्णयाला पावणेतीन वर्षे होऊन गेली होती. आणखी एक गोष्ट क्षयरोगाचे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांनी ध्यानात ठेवावी. ट्रायक्लोसान जिवाणूंच्या ज्या मेदनिर्मिती प्रक्रियेवर आघात करते तिच्याशी आयसोनियाझिडचेही नाते आहे, आणि प्रयोगशाळेत क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भावंडात दोहोंना एकदम दाद न देणारे वाण निपजल्याचे १९९९ मध्ये नोंदले गेले.

खरजेच्या रुग्णासाठी तर जंतुनाशक साबणाचा उपयोग मुळातच नाही. खरूज जिवाणूंची नसून किड्याची आहे. घरातील सर्वांना एकाच वेळी उपचार आणि कपडे-पांघरुणे उकळून उन्हात टाकणे, हे खरे काम. शिबिराच्या उत्साहात आम्ही साबणावर जितका वेळ घालविला तितका पांघरुणांवर घालविला नाही.

दुकानाच्या फळीवर

औषधी दुकानदार बंधूंना याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. वेष्टनाची पुढची बाजू वाचू नये, मागची वाचावी. ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बन हे शब्द इंग्रजीत बारीक टायपात असतात. 'हर्बल' किंवा 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या मालावर ते नसतीलच असे धरून चालू नये. माझा अनुभव वर दिलाच आहे. ट्रायक्लोसान काढले म्हणून कित्येक उत्पादनांत त्याच्या जागी क्लोरोझायलेनॉल किंवा बेन्झाल्कोनियम क्लोराइड आले, आणि २०२० च्या महामारीनंतर या दुसऱ्या गटाचा खप फार वाढला. अमेरिकेने या दोहोंचा निर्णय २०१६ मध्ये पुढे ढकलला होता. जलचरांना दोन्ही विषारीच आहेत. तेव्हा एक नाव गेले आणि दुसरे आले, एवढ्याने ग्राहकास 'आता हे निर्धोक' असे सांगू नये. व्रण, शल्यकर्म, सूतिकागृह येथे जंतुनाशकाचे स्थान आहे आणि राहील; रोजच्या आंघोळीत नाही.

दुसरी बाब आपल्याच घरची आहे आणि ती अनेकांना रुचणार नाही. ट्रायक्लोसानला पर्याय म्हणून आपण रिठा, शिकेकाई, कडुनिंब, करंज यांची नावे अभिमानाने घेतो. ही सर्व द्रव्ये माशांना त्रासदायक किंवा घातक आहेत. वर मत्स्यविषांची जी नामावली दिली तीच थोड्याफार फरकाने आपल्या केशधावन चूर्णाची यादी आहे. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी हे विधान वैद्याने करू नये, कारण विषवर्गाचा अभ्यास केलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. या द्रव्यांची बाजू एवढीच, की ती दिवसा-आठवड्यांत नष्ट होतात आणि माशाच्या मेदात पिढ्यान्‌पिढ्या साठत नाहीत. म्हणून रिठ्याने केस धुवायला सांगताना पाणी नाल्यात न सोडता मातीवर, झाडाच्या आळ्यात ओतायला सांगावे. मातीतले जिवाणू सॅपोनिन सहज पचवितात.

ज्यांच्या स्वतःच्या रसशाळा आहेत त्यांच्यासाठी ही गोष्ट अधिक महत्त्वाची. मदनफळ, रिठा, करंज यांची भांडी धुतलेले पहिले पाणी सर्वांत तीव्र असते, आणि ते बहुतेक ठिकाणी मागच्या गटारात जाते. ते गटार जेथे जाते तेथे एकदा चालत जाऊन पाहावे. एक साधा शोषखड्डा पुरतो. त्याला फार खर्च येत नाही.

२०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. त्यापुढील उन्हाळ्यात आम्ही त्या पाड्यावर साधा साबण घेऊन गेलो आणि डोहापासून वीस-पंचवीस पावलांवर, मोहाच्या झाडाखाली, दोन सपाट दगड टाकले. आंघोळ व कपडे तेथे. पाणी गुंडांनी वाहून न्यायचे. आयांनी तक्रार केली की पाणी वाहायचे काम त्यांच्याच डोक्यावर आले, आणि ती तक्रार खरी होती. काही घरे दगडावर धुतात, काही पूर्वीप्रमाणे डोहातच. आजोबांना मी सांगितले, की तो साबण झाडाचा नव्हता. ते काही बोलले नाहीत. नातवाने एवढेच विचारले, की मग पान कशाला छापले होते.

वाटायच्या राहिलेल्या एकशे चाळीस वड्या माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून होत्या. कंपनीने परत घेतल्या नाहीत. जाळाव्यात तर क्लोरीनयुक्त द्रव्य जळताना डायॉक्सिन होण्याचे भय. पुराव्यात तर पावसाळ्यात पाणी शेवटी नाल्यातच उतरणार. अखेर दवाखान्याच्या मोरीवर एकेक वडी वापरायला काढली. त्या मोरीचे पाणी मागच्या शोषखड्ड्यात जाते आणि नाला तेथून बराच दूर आहे. एक वडी साधारण तीन आठवडे पुरते. अजून तीसेक वड्या शिल्लक आहेत.